ते मूल

“तुला मुलांची आवड नाहीये, हे एकदा कबूल करून टाक ना,” असं माझी ताई मला म्हणाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. रागाने नव्हती म्हणाली. मी प्राथमिक शाळेतली नोकरी दीड वर्षात सोडली होती आणि घरात प्रत्येकाला वेगळं कारण सांगत होते. घसा बसतो, पगार पुरत नाही, तपासायच्या वह्या संपत नाहीत. तिने ती सगळी कारणं बाजूला सारली. खरं होतं तिचं. एकटंदुकटं मूल मला समजायचं, पण पूर्ण वर्ग समोर आला की पोटात गोळा यायचा. दाराशी उभं राहून मी आधी मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि मग आत शिरायचे. हे कबूल करणं मला फार जड गेलं. मुलांची आवड नसलेली बाई म्हणजे काहीतरी कमी असलेली बाई, हे कुणी तोंडावर बोलत नाही, पण ते ऐकू येत राहतं.

म्हणूनच एग्लंटाइन जेबबद्दल वाचताना मी एका पानावर अडले. तीही मास्तरीण होती. 1876 साली इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात एका सुखवस्तू घरात जन्मलेली, ऑक्सफर्डला इतिहास शिकलेली. तिच्यासारख्या घरातल्या मुलीने गरिबांच्या शाळेत शिकवायला जाणं तेव्हा जरा वेगळंच होतं, पण ती गेली. मार्लबरो गावातल्या शाळेत रुजू झाली आणि थोड्याच काळात प्रकृती आणि मन दोन्ही खचून बाहेर पडली. आपल्यात शिक्षकाचे गुण नाहीत, मुलांची ओढही नाही, असं तिने डायरीत सरळ लिहून ठेवलं. एका ठिकाणी तर तिने मुलांना ‘कार्टी’ म्हणावं तसा शब्द वापरलाय. तिने लग्न केलं नाही, तिला स्वतःचं मूल नव्हतं.

आणि हीच बाई 1919 साली ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही मुलांना मदत करणारी संस्था सुरू करते. मुलांच्या हक्कांचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय जाहीरनामा हिच्याच हातचा. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

तिची गोष्ट सांगताना बहुतेक जण थेट 1919 पासून सुरुवात करतात. मला त्याआधीचं 1913 साल महत्त्वाचं वाटतं. बाल्कन युद्धं चालू होती. मॅसिडोनियातल्या निर्वासितांसाठी गोळा झालेला निधी घेऊन ती तिकडे गेली. तोवर केंब्रिजमध्ये तिने गरिबीचा अभ्यास केला होता, त्यावर 1906 साली पुस्तकही लिहिलं होतं, म्हणजे आकडे आणि अहवाल तिला परके नव्हते. पण जाळलेली गावं आणि थंडीत उघड्यावर पडलेली कुटुंबं तिने पहिल्यांदा पाहिली ती इथे. परतली ती अस्वस्थ होऊन. पैसे आणि पांघरुणं वाटून आपण परत येतो, आणि ज्या कारणाने ही माणसं उघड्यावर आली ते कारण जागच्या जागी राहतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पुढच्या सगळ्या कामाची टोचणी इथली आहे, असं मला वाटतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. इथे तिच्या धाकट्या बहिणीबद्दल, डोरोथी बक्स्टनबद्दल बोलायलाच हवं, कारण या गोष्टीतून डोरोथी फार सहज गाळली जाते. युद्ध चालू असताना शत्रुदेशांत काय चाललंय हे ब्रिटिश वाचकाला कळावं म्हणून डोरोथीने परदेशी वृत्तपत्रं मागवण्याची सरकारी परवानगी मिळवली आणि त्यांतल्या मजकुराचे अनुवाद केंब्रिजच्या एका साप्ताहिकात छापायला सुरुवात केली. अनुवाद करणाऱ्यांत एग्लंटाइनही होती. म्हणजे जर्मनीत आणि ऑस्ट्रियात लोक काय खाताहेत, काय खायला मिळत नाहीये, हे या बहिणी दर आठवड्याला वाचत होत्या. शत्रूच्या घरातल्या चुलीचा धूर त्यांना दिसत होता. भोवतीच्या बहुतेकांना तो दिसत नव्हता, आणि बघायचाही नव्हता.

11 नोव्हेंबर 1918 ला तोफा थांबल्या, पण ब्रिटन आणि त्याच्या मित्रदेशांनी शत्रुदेशांची केलेली नाकेबंदी थांबली नाही. पराभूत देशांनी तहावर सही करावी म्हणून दबाव ठेवायचा होता. वसंतापासून काही प्रमाणात धान्य आत जाऊ लागलं, तरी नाकेबंदी पूर्ण उठली ती 1919 च्या जुलैमध्ये, व्हर्सायच्या तहानंतर. म्हणजे युद्ध संपल्यावरचे आठ महिने. आठ महिने ही काय मुदत आहे, हे तान्ह्या बाळाच्या मापाने मोजून बघावं. एवढ्या काळात बाळ मान धरतं, कुशीवर वळतं, बसतं, रांगतं. व्हिएन्नातली मुलं यातलं काहीच वेळेवर करत नव्हती. दूध नव्हतं, चरबी नव्हती, कोळसा नव्हता. मुडदूस आणि क्षय घरोघरी पोचले होते. मुडदूस झालेल्या मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात आणि मूल उभं राहायचा प्रयत्नच सोडून देतं.

1919 च्या जानेवारीत लंडनमध्ये ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’ स्थापन झाली. नाकेबंदी उठवा, ही तिची मागणी. दोघी बहिणी तिच्यात होत्या. एप्रिलमध्ये एग्लंटाइन ट्रॅफल्गार स्क्वेअरमध्ये पत्रकं वाटत उभी राहिली. पत्रकावर ऑस्ट्रियातल्या एका उपाशी मुलाचं छायाचित्र होतं: अंगाच्या मानाने डोकं मोठं, हातपाय काटक्या झालेले. हे आपल्या नाकेबंदीने केलंय, असा मजकूर. तिला अटक झाली. तिच्याबरोबर स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या बार्बरा आयर्टन गूल्ड यांनाही. आरोप साधा होता. युद्धकालीन संरक्षण कायद्यानुसार असं पत्रक छापण्याआधी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावं लागे, ते त्यांनी केलं नव्हतं.

मे महिन्यात खटला चालला. एग्लंटाइनने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. कायद्याच्या बाजूने तिच्याकडे काहीच नव्हतं आणि हे तिला ठाऊक होतं. सरकारी वकील होते सर आर्चिबाल्ड बॉडकिन. ती दोषी ठरली, पाच पौंड दंड झाला. खटला आटोपल्यावर बॉडकिन यांनी आपल्या खिशातून पाच पौंड काढून तिला दिले. तिने ते नव्या निधीसाठी ठेवले.

हा प्रसंग सांगताना लोकांचा सूर गोड होतो. वकिलाचं हृदय पाघळलं, वगैरे. मला तो तसा वाटत नाही. बॉडकिन यांनी खटला मागे घेतला नाही, युक्तिवाद सौम्य केला नाही. आपलं काम त्यांनी पूर्ण केलं आणि मग पैसे दिले. कायद्यापुढे बरोबर असूनही आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे त्या माणसाला कळलं असावं. मी नोकरीच्या निमित्ताने पुढे जिथे जिथे काम केलं, तिथे अशी माणसं पाहिली आहेत. नियमाप्रमाणे अर्ज फेटाळतात आणि मग दाराबाहेर येऊन हळूच विचारतात, दुसरीकडे कुठे सोय होईल का बघू? त्यांच्याविषयी काय वाटावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या पाच पौंडांचं दूध कुणीतरी प्यायलं, एवढं खरं.

19 मे 1919 ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सभा भरली. लोक सडकी फळं घेऊन आले होते असं सांगतात, शत्रूची पोरं जगवायला निघालेल्या या बायांना मारायला. त्या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी मुलगा, भाऊ, नवरा गमावला होता, हे विसरून त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. ज्या आईचा एकोणीस वर्षांचा मुलगा फ्रान्समधल्या चिखलात गाडला गेलाय, तिच्यापुढे जाऊन ज्यांनी त्याला मारलं त्यांच्या लेकरासाठी पैसे द्या म्हणायचं! हे मागायला किती धीर लागला असेल. एग्लंटाइन मुळात व्यासपीठावर घाबरणारी, आवाज बारीक. सुरुवात चाचरतच झाली. पण ती बोलत गेली, आणि तिचं म्हणणं अगदी साधं होतं: मुलं उपासमारीने मरताना नुसतं बघत बसणं माणसाला शक्य नाही. फळं कुणी फेकली नाहीत. त्या दिवशी ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ उभा राहिला.

इथे दोघी बहिणींच्या वाटा जरा वेगळ्या होत जातात. डोरोथीचा रोख कारणावर होता: नाकेबंदी, तह, सरकारचं धोरण. एग्लंटाइनने ताट समोर ठेवलं. कारण तुम्ही निस्तरेपर्यंत हे मूल थांबणार नाही, असं तिचं गणित. मला दोघींचं पटतं आणि यामुळेच त्रास होतो. मूल पुढे केलं की राजकारण गप्प बसतं, ही तिच्या कामाची ताकद होती. राजकारण गप्प बसलं की नाकेबंदी करणाराही निधीला चार पैसे देऊन मोकळा होतो, ही त्याच ताकदीची किंमत. मॅसिडोनियातून परतताना तिला डाचलेलं तेच. तिने हे ओझं टाळलं नाही, बरोबर वागवलं, असं मी मानते.

छायाचित्रांचंही तेच. निधीने जाहिरातीची जाण असलेला माणूस नेमला, वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. धर्मादाय कामाचे पैसे जाहिरातींत घालता, अशी टीका झाली. कारखाना जितक्या काटेकोरपणे चालवतात तितक्याच काटेकोरपणे मदतीचं काम चालवायला हवं, असं तिचं मत होतं आणि ती त्याला चिकटून राहिली. हाडं वर आलेल्या मुलाचं चित्र पान उलटताना समोर येई आणि माणूस पाकिटाला हात घाली. आज माझ्या फोनवर तशीच चित्रं येतात. अंगठा क्षणभर थांबतो आणि पुढे सरकतो. त्या चित्रातल्या मुलाला कुणी विचारलं होतं का, की तुझं हे असं रूप जगभर दाखवू का, हा प्रश्न मला छळतो. पण 1921 साली रशियात व्होल्गा नदीच्या काठी दुष्काळ पडला तेव्हा तो फुगवून सांगितला जातोय असं छापणारी वृत्तपत्रं होती, आणि निधीने तिथे चित्रफीत काढून आणली तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. चित्र नसतं तर ते मूल आकड्यातही राहिलं नसतं.

तो दुष्काळ फार भयानक होता. महायुद्ध, त्यामागोमाग यादवी युद्ध, शेतकऱ्यांकडून सक्तीने उचललेलं धान्य आणि वर अवर्षण. सुमारे 50 लाख माणसं त्यात गेली असं मानलं जातं. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रित्योफ नान्सेन यांनी युरोपभर मदतीची हाक दिली आणि निधीने साराटोव्ह प्रांताची जबाबदारी घेतली. सप्टेंबर 1921 मध्ये ‘टॉर्सेलो’ नावाचं जहाज धान्य भरून निघालं. भरात असताना तिथल्या स्वयंपाकघरांतून रोज 3 लाखांच्या आसपास मुलं जेवत होती. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारी वाढत होती. आधी आपल्या घरची पोरं बघा, आणि बोल्शेविकांच्या, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांच्या, पोरांना कशाला जेवू घालता, असं लोक उघड विचारत. शत्रू बदलला होता, प्रश्न तोच.

मी त्या जेवणाच्या रांगेत मुलाला घेऊन आलेल्या आईचा विचार करते. निधी मुलांसाठी. ताट मुलाचं. आईचं पोट पाठीला लागलेलं, आणि ती उभी राहून मुलाला खाताना बघतेय. त्या क्षणी ती काय म्हणत असेल? सावकाश खा, असंच म्हणत असेल. आया दुसरं काय म्हणतात.

दरम्यान 1920 च्या जानेवारीत जिनिव्हात ‘सेव्ह द चिल्ड्रन’चा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला होता. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी 1919 च्या नोव्हेंबरात कॅथलिक चर्चमधून मुलांसाठी वर्गणी गोळा करायला सांगितली. एका प्रोटेस्टंट बाईच्या कामाला एवढी दाद मिळाली. पण एग्लंटाइनला आता दुसरंच काहीतरी टोचत होतं. दुष्काळ संपला की वर्गणी आटते, कळवळा ओसरतो. कळवळा यावा लागतो आणि तो कुणाच्या हातात नसतो. मुलाचं जेवण अशा येण्याजाण्यावर अवलंबून ठेवायचं का?

जिनिव्हाजवळ सालेव्ह नावाचा डोंगर आहे. तिथे चढून जाऊन तिने जाहीरनाम्याचा मसुदा मनाशी जुळवला असं सांगतात. 1923 साली तिच्या संघाने तो स्वीकारला आणि 26 सप्टेंबर 1924 ला राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या, देशांच्या संघटनेने. अवघी पाच कलमं. मी ती एकदा स्वतःसाठी मराठीत उतरवून काढली. भुकेल्या मुलाला जेवू घातलं पाहिजे. आजारी मुलाची शुश्रूषा केली पाहिजे. मागे पडलेल्याला हात दिला पाहिजे, वाट चुकलेल्याला परत आणलं पाहिजे, अनाथाला आसरा दिला पाहिजे. संकटकाळी मदत सर्वांत आधी मुलाला मिळाली पाहिजे. सारखं ‘पाहिजे, पाहिजे’. कुठेही दया नाही, कृपा नाही, प्रेमसुद्धा नाही. मला तेव्हा तिची डायरी आठवली. मुलांची ओढ नसलेली बाईच हे असं लिहू शकते. तिने मुलाचं पोट तुमच्याआमच्या आवडीनिवडीतून सोडवून घेतलं. ज्याला मुलं आवडत नाहीत, त्यालाही हे वाक्य लागू. मला लागू.

उणिवाही आहेत त्यात. मुलाला स्वतःला काही म्हणायचं असेल, हे त्या पाच कलमांत कुठेच नाही. ते यायला 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा करार उजाडावा लागला. मुलांच्या हातात बंदूक देण्याविषयीही त्यात शब्द नाही. 1989 च्या करारानेसुद्धा ती वयाची रेघ 15 वर ओढली, आणि ती वर सरकवण्यासाठी 2000 साली वेगळा पूरक करार करावा लागला. पण सगळ्याची पहिली वीट तीच.

अनुवाद करताना एक गोष्ट माझ्या हाताला लागली. मी मुलगा लिहीत नव्हते, मुलगी लिहीत नव्हते. मूल. ‘ते मूल’. आपल्या भाषेने त्याला नपुंसकलिंगी ठेवलंय. मी वही समोर घेऊन बसले होते तेव्हा भाची आली. आठ वर्षांची होती. माझ्या फोनवर एक चित्र उघडं होतं, ढिगाऱ्यापाशी बसलेलं, धुळीने राखाडी झालेलं एक पोर. तिने बघितलं आणि विचारलं, “मावशी, हा आपल्या बाजूचा आहे की त्यांच्या?” मी गप्प झाले. आठव्या वर्षी तिला बाजू असतात हे कळलं होतं. मी सांगितलं, ते मूल आहे, त्याचं घर पडलंय. ती म्हणाली, “हो, पण कुणाचं?” माझ्याकडे याहून बरं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

एग्लंटाइन 17 डिसेंबर 1928 ला जिनिव्हात गेली. 52 वर्षांची होती. गलग्रंथीच्या विकाराने तिला अनेक वर्षं पोखरलं होतं, केस अकाली पांढरे झाले होते. तिला जिनिव्हातच पुरलं.

ती गेली ते एका अर्थी बरं झालं, असं एकदा माझ्या मनात आलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. पण हिशेब करून बघावा. 1919 साली व्हिएन्नात दोन वर्षांचं असलेलं पोर 1939 साली बावीस वर्षांचं होतं. सैन्यात घेण्याजोगं. व्हिएन्नात उभारलेली जर्मन सैन्याची 44 वी पायदळ डिव्हिजन 1942 साली स्टालिनग्राडला होती आणि तिथेच संपली. स्टालिनग्राड व्होल्गाकाठी आहे. त्याच नदीवर, थोडं वरच्या अंगाला, साराटोव्ह. तिथल्या स्वयंपाकघरांत सहाव्या वर्षी वाडगा घेऊन बसलेलं पोर तेव्हा सत्तावीस वर्षांचं होतं. एकाच निधीच्या ताटात जेवलेली दोन मुलं त्या बर्फात एकमेकांवर नेम धरून बसलेली असू शकतात. अल्बर्ट हॉलमध्ये फळं घेऊन आलेला माणूस तेव्हा जिवंत असेल तर म्हणाला असेल, मी सांगत नव्हतो? आणि त्याच व्हिएन्नातली, तेच दूध प्यायलेली ज्यू मुलं तोवर घराबाहेर ओढली गेली होती, हेही याच हिशेबात येतं.

हे मी ताईला सांगितलं. आता तिचे केस पांढरे झालेत, माझेही. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “मग काय मिळालं गं त्या दुधाचं?”

“वीस वर्षं,” मी म्हणाले. “कुणाला बावीस. त्यात ती मुलं चालायला लागली असतील. शाळेत गेली असतील, भांडली असतील, पोहायला शिकली असतील. कुणीतरी कुणाच्या तरी प्रेमात पडलं असेल.”

ताईने डोळ्याला पदर लावला. मग आम्ही दोघी दिवा न लावता तशाच बसून राहिलो. आतल्या खोलीत भाची मोठ्याने पाढे म्हणत होती.